पुसलेली ओळ

मी एक जुनी पाटी आहे. माझ्या चौकटीचा एक कोपरा उकलला आहे, तिथे सुतळी बांधली आहे. मित्रांनो, मला वेळेवर बोलता आले नाही, म्हणून आज बोलते.

शनिवार पेठेतल्या दुकानातून मुक्ताईने मला आणले, तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. कोथरूडला चार घरच्या पोळ्या लाटून ती दुपारी साक्षरता वर्गाला जाई. घरी आल्यावर चौथीतला चेतन आईचा हात धरून तिच्याकडून अक्षरे गिरवून घेई.

"आई, उकार असा वाकडा काय काढतेस?"

"पोळी गोल येते ना माझी? मग झालं तर!"

चेतन शिकला, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. मी माळ्यावर गेले. वीस वर्षे माझी आठवण कुणाला झाली नाही.

मग मुक्ताईला तो आजार जडला. त्यात अंगातले बळ हळूहळू जाते आणि परत येत नाही. आधी तिची वाचा गेली. तेव्हा मला खाली काढले. पहिल्याच दिवशी तिने लिहिले, 'चहात साखर आहे की नुसती तिची आठवण?' चेतन हसता हसता रडला. कॉम्प्युटरवर तो रोज नवे औषध शोधी. "वर्षभरात निघेल गं काहीतरी. तोवर टिकायचं."

एकदा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पुढे श्वास अडकेल. श्वासाचं मशीन लावायचं की नाही, हे त्यांनाच विचारून ठेवा." आणि ते फोन घ्यायला बाहेर गेले. मुक्ताईने लिहिले, 'मशीन नको. घरी ने.'

चेतनने वाचले. मग तळहाताने पुसून टाकले.

डॉक्टर परत आले. "काय म्हणतात?"

"विचार करते म्हणाली."

मुक्ताईने पुन्हा पेन्सिल उचलली. "दमलीस गं," म्हणत त्याने ती हळूच काढून घेतली. मुक्ताई माझ्याकडे पाहत राहिली, जणू खोटे मीच बोलले होते. धरून ठेवणे मला जमत नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी एक अक्षर तरी मी धरायला हवे होते.

दोन महिन्यांनी मशीन लागले. हातही गेले. औषध निघाले नाही. मशीन लागल्याच्या सत्ताविसाव्या दिवशी चेतनने मला तिच्यापुढे धरले.

"आई, तू लिहिलेलं मी पुसलं. चुकलो मी."

चौथीत धरायचा तसा तिचा हात धरून त्याने तीच ओळ पुन्हा लिहिली. "अजून हेच ना?"

तिने डोळे मिटून उघडले. ती 'हो' असेच म्हणत असे.

तो डॉक्टरांकडे धावला. मशीन काढून घरी नेण्याची कागदपत्रे सुरू झाली. ती पुरी होण्याआधीच मुक्ताईने मशीनवरच प्राण सोडला. घरी जायचे राहिले ते राहिलेच.

आता मी भिंतीवर काचेमागे आहे, त्या ओळीसकट. चेतन रोज काच पुसतो, मला मात्र हात लावत नाही.

मित्रांनो, अशी काळजी मला नको. त्याला सांगा, मला खाली काढ, ओल्या फडक्याने पूस आणि जिची वाचा गेली आहे अशा कुणाच्या तरी मांडीवर ठेव. तिचे लिहून झाले, की पुसण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने.