खाली आहे

छप्पर उतरवायचं तर घर सोडावं लागेल, असं मिस्त्रीनं सांगितलं तेव्हा बाबांनी हातातला चहाचा कप भिंतीवर फेकला. कप फुटला, चहा ओघळला. मिस्त्री शर्टाच्या बाहीनं गालावरचे शिंतोडे पुसत म्हणाला, "काका, भिंत रंगवायचं आपलं बोलणं झालेलं नाही."

लेकीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. या घरात हसण्याआधी बाबांच्या हाताकडे बघायची सवय तिला लहानपणापासून होती. तो हात फार सहज उठायचा.

"मी कुठंही जाणार नाही," बाबा म्हणाले. "हे छप्पर मी घातलंय. उतरताना मी इथंच असणार."

"चार दिवस माझ्याकडे चला, बाबा. झोपायला वेगळी खोली आहे. कुणी तुमच्याशी बोलणारसुद्धा नाही."

"तू जा, बाईसाहेब. पुस्तकं वाच जा."

ती गेली नाही. बाबा राहणार तर तीही राहणार, असं तिनं सांगून टाकलं. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि शेवटी एक अट घातली: आईच्या खोलीपासून सुरुवात करू, स्वयंपाकघर शेवटी घेऊ, तोवर दोघांनी स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबांनी मान हलवली. इतक्या लवकर ते कधीच कशाला कबूल होत नसत, हे तिच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

बाबा स्वतः छपरं घालणारे. गुडघ्यांनी दगा देईपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. आवाज असा, की सोबतचे लोक त्यांना तोफ म्हणायचे. या मिस्त्रीलाही त्यांनीच तयार केलेलं. पहिला धडा हाकेचा. वरून काही टाकण्याआधी वरचा माणूस ओरडून विचारतो, "खाली?" म्हणजे खालची जागा रिकामी आहे ना? असली तर उत्तर येतं, "खाली." नसली तर, "भरलेलं!" आणि ते ऐकलं की वरचा हात जिथल्या तिथं थांबलाच पाहिजे.

ही हाक बाबांनी घरातही आणली होती. सकाळी न्हाणीघराच्या दारावर थाप मारून ते ओरडायचे, "खाली?" आणि आई आतून तितक्याच जोरात ओरडायची, "भरलेलं!" बाबांवर आवाज चढवायची आईला एवढीच मुभा होती, आणि ती रोज मजेत वापरायची.

आईच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं त्याला बरीच वर्षं झाली. आई पलंग सरकवत राहिली. आधी खिडकीकडे, मग दाराकडे, मग मधोमध, आणि पुन्हा खिडकीकडे. पातेली मांडायची, रात्रीतून उठून रिकामी करायची. छपराचं बघा, असं म्हटलं की बाबा भडकायचे. "तोफेच्या घरावर दुसरा कुणी चढणार? लोक तोंडावर हसतील माझ्या." स्वतःला तर चढवत नव्हतं. मग आईचा खोकला छातीत उतरला आणि छातीतून गेला नाही. ती गेली. दोन महिन्यांनी बाबांनी आपण होऊन मिस्त्रीला बोलावलं. लेकीनं त्यावर काही विचारलं नाही. विचारण्यासारखं जे होतं ते विचारलं तर आपण थांबणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी काम सुरू झालं ते दंगल सुरू व्हावी तसं. पहारी कौलांखाली घुसल्या. कौलं अंगणात येऊन फुटायला लागली, एकेक नाही, ओंजळी भरभरून. गंजलेले खिळे लाकडातून ओरबाडून निघताना किंचाळत होते. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे थरथरत पुढं पुढं सरकले आणि त्यातला एक तिच्या पायावर आदळला. वरून कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी हसलं. आईच्या खोलीवर उघडं आभाळ दिसायला लागलं, तिथून धुळीचा लोट उठला आणि दारादारांतून घरभर शिरला. ती खोकत पाणी आणायला अंगणाच्या टोकाच्या नळावर गेली.

बादली भरत असताना तिनं वरून मिस्त्रीची हाक ऐकली.

"खाली?"

आणि लगेच घरातून बाबांचा आवाज. "खाली आहे!"

बरं झालं, असं तिला वाटलं. आपण खाली, स्वयंपाकघरात आहोत हे त्यांनी सांगितलं एकदाचं. नळ बंद करण्याइतका वेळ ती त्याच समजुतीत होती. मग आईच्या खोलीत काहीतरी कोसळलं, पायाखालची फरशी हादरली, आणि बाबांचा आवाज कुठून आला होता ते तिला कळलं.

ती धावली. बाबा आईच्या पलंगावर बसलेले. त्यांच्या पायांशी दोन वासे आडवेतिडवे पडलेले, आजूबाजूला फुटक्या कौलांचा ढीग. कपाळ फुटून रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं, आणि ते पुसायचं सोडून ते वर बघत होते.

मिस्त्री शिडीवरून जवळजवळ उडी टाकूनच आला. आत आला तो थेट त्यांच्या गळपट्टीला हात घालून.

"मला खुनी करता काय, म्हाताऱ्या?" पलंगासकट त्यानं त्यांना गदागदा हलवलं. "खाली म्हणालात तुम्ही! खाली!"

"मग? खालीच तर होतो. वर होतो का मी?"

"ही हाक मला कुणी शिकवली?" मिस्त्रीचा आवाज चिरकला. "चुकीचं उत्तर दिलं म्हणून माझं थोबाड कुणी फोडलं होतं?"

बाबांनी मान पुन्हा वर केली. लेक दारात उभी होती. बाबा त्या हाकेत चुकणं शक्य नव्हतं. झोपेतही नाही.

तेवढ्यात वरून गडी ओरडले, "मिस्त्री, दोर सरकतोय!"

छपराच्या मधोमध जे जाड लाकूड असतं, सगळे वासे ज्याच्यावर टेकतात, त्या आढ्याचं एक टोक भिंतीतून मोकळं झालं होतं आणि नुसत्या दोरावर लोंबत होतं. बरोबर पलंगाच्या वर. "ताई, यांना बाहेर काढा! फार वेळ नाही धरता येणार!" असं म्हणत मिस्त्री शिडीकडे पळाला.

तिनं बाबांचा दंड धरला. त्यांनी तिला दोन्ही हातांनी ढकललं, ती उंबऱ्याबाहेर पडली, आणि दाराला आतून कडी लागली.

"भरलेलं!" ती वर तोंड करून ओरडली. "मिस्त्री, भरलेलं! भरलेलं!"

"धरलंय! दार फोडा!"

अंगणात एक पहार पडली होती. तिनं आयुष्यात कधी पहार उचलली नव्हती. पहिला घाव चौकटीवर बसला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. दुसऱ्या घावाला फळी फाटली. तिसऱ्या घावाच्या वेळी तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाबांचा होता. कडी उपटून निघाली.

बाबांनी हातातली टेकायची काठी मारली, ती तिच्या गालावर बसली. तोंडात रक्ताची चव आली. काठी हिसकून तिनं मागं फेकली आणि त्यांना काखेत हात घालून ओढलं. बाबांनी पलंगाचा पाय धरला.

"सोड मला. गळक्या छपराखाली मारलं मी तिला. सोड."

तिनं कोपरानं त्यांचं मनगट दाबलं आणि ती एकेक बोट सोडवायला लागली.

"हो," ती म्हणाली. "मारलंत."

बाबा क्षणभर थांबले. कुणीतरी नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं.

"मारलंत. म्हणून एवढ्यावर सुटणार नाही तुम्ही. एक घाव आणि मोकळे? मी नाही सोडणार." करंगळी मोडली. तो बारीक आवाज दोघांनीही ऐकला. तिनं पुढचं बोट धरलं.

मग पलंगाचा पाय सुटला. धान्याचं पोतं ओढावं तसं तिनं त्यांना कौलांच्या तुकड्यांवरून, उंबऱ्यावरून, पायरीवरून अंगणात ओढत नेलं. त्यांची पाठ सोलवटली. ते शिव्या देत होते, नंतर शिव्याही थांबल्या. नळाजवळ येऊन दोघंही पडले.

"खाली?" वरून मिस्त्री ओरडला. मग लगेच म्हणाला, "काका नाही! ताई, तुम्ही सांगा!"

फुटक्या दारातून तिला खोली दिसत होती. आडवा झालेला पलंग. भिंतीवर ओलीचे डाग, एकाखाली एक. पलंगाच्या पायांनी फरशीवर उठवलेले ओरखडे, खिडकीकडे, दाराकडे, मधोमध.

"खाली," ती म्हणाली.

"काय? ऐकू येत नाही!"

तिनं पुन्हा तोंड उघडलं. आवाज निघेना. हा शब्द तिनं या खोलीबद्दल आजच्याआधी एकदाही उच्चारला नव्हता.

शेजारी बाबा कोपरावर उठले. रक्तानं एक डोळा चिकटला होता. मोडकी करंगळी हाताबाहेर उभी राहिली होती. त्यांनी खोलीकडे बघितलं, बराच वेळ. दोर कुरकुरत होता.

"खाली!" बाबा ओरडले. तोफच ती. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

वरून काहीच पडलं नाही. मिस्त्री छपराच्या कडेला वाकून तिच्याकडे बघत होता. त्याचे दंड दोराच्या ओढीनं थरथरत होते, तरी तो थांबला होता.

तिनं हात वर केला आणि दोर सोडायची खूण केली.