आठ बोटं कमी

टेबल अजून डुगडुगत होतं.

तिने पायाखालची पुठ्ठ्याची घडी ओढून काढली, अर्धी फाडली, पुन्हा सारली आणि दोन्ही तळवे वर टेकवून दाबून पाहिलं. टक. सकाळपासून हेच चाललं होतं. एक पुठ्ठा जाड, दुसरा पातळ, आणि हवा तेवढा पुठ्ठा जगात कोणी बनवलाच नसावा. चार वाजता लेक तिच्या बापाला दवाखान्यातून घरी आणणार होती आणि आता तीन वाजून गेले होते.

"वहिनी, माझं ऐका, त्याच्यावर एखादी चादर टाका," दारात उभी राहून नणंद म्हणाली. "घरात पाऊल टाकल्या टाकल्या दादाच्या नजरेला हे पडायला नको."

"चादर टाकली की पाय लांब होतात का, वन्सं?"

"मग कापायला कोणी सांगितलं होतं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. तिथेच तर सगळी गोम होती.

नवरा सुतार. तेहतीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात दारं, खिडक्या, कपाटं करत आलेला. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी रंधा मारता मारता त्याचा उजवा हात गळून पडला, मागोमाग पाय, मग अर्धं तोंड. तोंड बरंचसं सावरलं, पाय काठीपुरता परत आला. हात मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताने सवयीने जमेल थोडंफार, पण बसून. उभ्याने काम आता विसरा. त्यावर नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं ते संध्याकाळपर्यंत. दिवे लागल्यावर तिला एवढंच म्हणाला, "हत्यारं देऊन टाक. ज्याला हवी त्याला."

तिने मान हलवली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. दुकान सोडलं, हत्यारं घरी आणली, बाहेरच्या खोलीतला पलंग आत ढकलला आणि त्या जागी नवऱ्याचं कामाचं टेबल मांडलं. पटाश्या, रंधे, गिरमिट, काटकोन सगळं भिंतीवर डाव्या हाताला येईल असं खुंट्यांना लावलं. लाकूड पकडून ठेवणारा शिकंजा टेबलाच्या डाव्या टोकाला होता. तो खोलून उजव्या टोकाला बसवला, त्यात दोन नखं गेली. इथवर ठीक होतं. नाही आवडलं तर उद्या काढता आलं असतं.

पण स्टुलावर बसून पाहिलं तर टेबल तिच्या छातीला लागत होतं. असं टेबल त्याच्यापुढे ठेवणं म्हणजे उपाशी माणसाला शिंक्यावरचं ताट दाखवणं. तिने मोजलं. आठ बोटं जास्त.

ते टेबल नवऱ्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं. मिस्त्री गेला तेव्हा त्याच्याकडे आलेलं. त्याच्यावर कोणाला चहाचा कप ठेवायची परवानगी नव्हती. आणि करवतीला तर हात लावायचीही नाही. "करवत म्हणजे दातांची कवळी," नवरा म्हणायचा, "दुसऱ्याच्या तोंडात घालता का कधी?" त्याच करवतीने तिने त्याच टेबलाचे चारही पाय कापले होते. दुसऱ्या सुताराला बोलावता आलं असतं. पण मग आठवड्याभरात सगळ्या सुतारांत झालं असतं की त्याचं टेबल बसकं झालं, म्हणजे तोही बसला. आणि तिला वाटलं होतं, त्यात काय एवढं? तेहतीस वर्षं लांब फळ्यांचं दुसरं टोक तिनेच धरलेलं. आजीच्या पाठीला लागून नातवंडाला स्वयंपाक येतो, तसं आपल्यालाही आलंच असणार.

आलं नव्हतं. तो रागावेल याची भीती नव्हती. रागावला असता तर तिने नारळ वाढवला असता. तो काहीच बोलणार नाही आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, याची होती. या वेळेची भिंत घरातली असणार होती आणि घरातून कोणी सुट्टी देत नाही.

गाडी थांबल्याचा आवाज आला. पुठ्ठा घाईघाईने खुपसून ती उठली.

लेकीच्या खांद्यावर भार देत तो आत आला आणि उंबऱ्याशीच थांबला. त्याने भिंतीकडे पाहिलं, हत्यारांकडे पाहिलं. मग टेबलाकडे. किती तरी वेळ टेबलाकडे. तो काही म्हणायच्या आत नणंदच पुढे सरसावली.

"दादा, त्याचं काय झालं, खालून वाळवी लागली होती. चारही पायांना. मग खालून कापावेच लागले."

"वाळवी," तो म्हणाला. शब्द अजून जरा ओलसर यायचे. "चारही पाय एका उंचीला खाल्ले?"

नणंदेला अचानक चहाची आठवण झाली. लेकीलाही घेऊन ती आत गेली.

तो काठी टेकत टेबलाजवळ आला, स्टुलावर बसला. उजवा हात मांडीवर नीट ठेवला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. डावा पंजा टेबलावर पसरला आणि दाबला. टक. पुन्हा दाबला. टक.

"कोणी कापलं?"

"मी," ती म्हणाली. गेले दोन दिवस तयार केलेली सगळी वाक्यं एका शब्दात संपली. मग न राहवून तिने जोडलं, "तुम्हाला बसून करायचंय ना. उंच होत होतं. मी मोजून रेघा मारल्या होत्या हो, चारही सारख्या. कसं चुकलं तेच कळत नाही."

त्याची नजर हळूहळू टेबलावरून सरकत भिंतीकडे निघाली.

"तुकडे कुठंयत?" भिंतीकडे बघतच त्याने विचारलं.

"काय?"

"कापलेले. टाकलेस?"

टाकायला मन धजलं नव्हतं. पिठाच्या डब्यामागून तिने चारही तुकडे आणले. त्याने ते डाव्या हाताने एक एक करून टेबलावर उभे केले. प्रत्येकाची कापलेली कड डोळ्यांजवळ नेली, अंगठा फिरवला. तीन परत ठेवले. चौथा हातात धरून ठेवला.

"ही इथं काय करतेय?"

तुकड्याच्या वरच्या कडेला पेन्सिलीची रेघ होती. बाकी तीन तुकडे कोरे.

"ह्या तिघांची रेघ पायांवर राहिली. ह्याची तुकड्यावर आली. म्हणजे तीनदा रेघेच्या खालून कापलंस आणि एकदा वरून. पातं जेवढं जाड, तेवढा तो पाय कमी."

"तो भिंतीकडचा," ती म्हणाली. "टेबल उलटं घातलं होतं. तिथं बसायला जागा नव्हती, म्हणून पलीकडून कापला. पण रेघेला धरूनच कापला!"

"रेघेला धरायचं नाही. रेघ ठेवायची. पातं नेहमी टाकायच्या बाजूला." तो जरा थांबला. "तेहतीस वर्षं समोर उभी होतीस."

"दुसऱ्या टोकाला! तिथून तुमचं कपाळ दिसायचं, पातं नाही."

त्याच्या तोंडाची चालती बाजू किंचित हलली. पण ते हसू होतं की नुसता श्वास, हे तिला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

त्याने चौथा तुकडा शिकंज्यात धरला आणि डाव्या हाताने तो आवळायला लागला. दांडा दोनदा निसटला. ती पुढे झाली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "थांब." तिसऱ्यांदा तो फिरला. मग त्याने पेन्सिल मागितली. त्या सकाळी त्याच्या उजव्या कानावर असलेली पेन्सिल दवाखान्यातल्या नर्सने तिच्या हातात दिली होती. तिने ती पर्समधून काढून दिली.

रेघ मारायला त्याला फार वेळ लागला. एक टोक कडेला, दुसरं दोन सूत, पाव इंचभर, आत, अशी पाचरेची रेघ. पूर्वी डोळे मिटून मारली असती अशी. ती मध्ये थरथरली, एकीकडे सरकली, परत आली, शेवटाला पुन्हा घसरली. त्याने खोडली नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि खुंटीकडे बोट केलं.

"घे करवत."

तिने घेतली. दात आधी कडेवर टेकवले, मागे ओढले, मग चालवले. तो फक्त पातं बघत होता. रेघ जिथे वळली तिथे तिने हात वळवला, जिथे थरथरली तिथे पातं जवळजवळ उभं करून पुढे नेलं. लांब पातं असं वळायला तयार नसतं, तरी तिने वळवलं. मनगट भरून आलं. शेवटी पाचर सुटून तिच्या पायाशी पडली.

त्याने ती हातात घेऊन बघितली.

"वाकडी आलीय."

"रेघ ठेवायची म्हणालात ना," ती म्हणाली. "ठेवलीय सगळी."

पाचरेच्या कडेला रेघ होती खरी. इथून तिथपर्यंत, थरथरीसकट, कुठेही न तुटलेली. तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

पुठ्ठा काढून तिने पाचर पायाखाली सारली आणि टाचेने ठोकली. त्याने पंजा टेबलावर दाबला. पुन्हा दाबला. मग तिथेच राहू दिला.

आतून चहा आला. लेकीने कप कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि सवयीने हातातच धरून उभी राहिली. तिची आई उरलेले तीन तुकडे गोळा करू लागली.

"ह्यांचं काय करू? चुलीत घालू?"

"ठेव," तो म्हणाला. "लागतील."

पेन्सिल उचलून त्याने ती डाव्या कानावर ठेवली. तिथली तिला सवय नव्हती. घरंगळून खाली पडली. बायको उचलायला वाकली, पण त्याचा हात आधी पोहोचला होता.