दिवेलागणीचा समुद्र

सांगलीत नियाजचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो तो काढतो, अल्बम त्याची बायको अर्फा लावते. गेल्या वर्षी त्याला नवंच वेड लागलं. कोकणात वादळाचा इशारा आला, की हा गाडी काढायचा आणि आंबा घाट उतरून समुद्राचे फोटो काढायला जायचा. चांगल्या हवेत कधी जायचा नाही आणि त्याच दिवशी परतही यायचा नाही.

अर्फानं आधी मनावर घेतलं नाही. मग लक्षात आलं, संध्याकाळच्या ऑर्डरी तो एकेक करून भागीदार फरदीनला देतोय. विचारलं तर म्हणायचा, "कंटाळा आलाय."

फोटो बघावेत तर नुसते खडक, फेस आणि काळे ढग. एवढ्यासाठी रात्रभर लॉजवर राहायचं? तिनं त्याचे खिसे तपासले, फोन तपासला. काहीच सापडलं नाही, तेव्हा संशय आणखी वाढला.

ऑगस्टात पुन्हा इशारा आला.

"या वेळी मीपण येणार," ती म्हणाली.

"पावसात काय करणार तू तिथं?"

"तुम्ही काय करता ते बघणार."

वाटेत तो सारखा घड्याळ बघत होता. कुणीतरी वाट बघत असणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. उजेड होता तोवरच नियाजनं पावलं मोजत खडकावर जाऊन स्टँड लावला आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. अर्धं-अर्धं मिनिट शटर उघडं ठेवायचं, लेन्सवरचं पाणी पुसायचं, पुन्हा उघडायचं. अंधारून आलं. तेवढ्यात एक मोठी लाट खडकाकडं येताना अर्फाला दिसली. नियाजचं तोंड तिकडंच होतं, पण तो हलला नाही.

तिनं धावत जाऊन त्याला दंडाला धरून मागं ओढलं. पाणी गुडघ्यापर्यंत चढून उतरलं. नियाज स्टँड शोधत हवेतच हात फिरवत होता. स्टँड त्याच्या शेजारी आडवा पडला होता.

"तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली.

त्यानं हात खाली घेतले. मग म्हणाला, "दिवस मावळला की न्हाई दिसत. दीड वर्ष झालं. कॅमेऱ्यात सगळं येतं, ते उजेडात बघतो. लग्नात धडपडलो असतो तर गावभर झालं असतं. वादळात इथं कोण येतंय बघायला?"

"म्हणून मुक्काम?"

"अंधारात गाडी कशी चालवू?"

"आणि लाटेनं ओढून नेलं असतं म्हणजे?"

तिला रडू आलं, ते रागाचंच जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला परस्पर मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. दिवसाची नजर काही वर्षं टिकेल, रात्रीची परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता संध्याकाळच्या लग्नांचे फोटो अर्फा काढते. कॅमेरा त्यानंच शिकवला.

पण "आज बरं दिसतंय" असं तो संध्याकाळी म्हणाला, की तिचा विश्वास बसत नाही. ती त्याच्यासमोर दोन बोटं धरते आणि थांबते.