हळद लावणाऱ्या हाताचा हिरवा उजेड

उल्हासनगरात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत दर्यानाथ महाराजांची खोली होती. खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं. भर दुपारी आत शिरलं तरी आपलाच हात आपल्याला दिसू नये, असा अंधार. त्या अंधारात बारवीच्या जंगलाकडच्या पाथरवाडीची माणसं टेंपोतून उतरून दाटीवाटीनं बसली होती. बाया, बापे, कडेवरची पोरं. समोर एक काचेची पेटी होती आणि तिच्यावर एक मिणमिणती ट्यूब. पेटीत पाणी, पाण्यात मातकट दगड, आणि दगडांवर बटणांसारखं, चकत्यांसारखं काहीतरी मऊ मऊ हलत होतं.

"ही दर्यादेवी!" महाराज गरजले. "सात समुंदरच्या तळातून स्वतःच्या पायांनी चालत माझ्याकडे आली! दगड आहे, पण जिंदा आहे! बडे बडे सायन्सवाले आले, चष्मा काढून पाया पडले!"

देवीला पाय कुठे आहेत, हे कोणी विचारलं नाही. चष्मा काढल्यावर त्या सायन्सवाल्यांना काय दिसलं असेल, हेही नाही.

महाराजांनी डोळे मिटले, पाय आपटला. ट्यूब गेली. आणि पेटीवर निळा-जांभळा उजेड उतरला.

"आई गं!" बायांच्या तोंडून एकदमच निघालं. मातकट दगड पेटले होते. कुठे हिरवागार, कुठे निखाऱ्यासारखा नारिंगी. चकत्या डोळ्यांसारख्या चमकत होत्या. पोरं रडू लागली. माणसांनी कपाळं फरशीला टेकली.

मागच्या रांगेत ठमी बसली होती. साठीची बाई. वाडीची धवलारीण. ठाकर आदिवासींच्या लग्नात भटजी नसतो. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी गाते, नवरानवरीला हळद लावते, लग्न लावते. त्या सगळ्या टापूत ठमीच्या हातची हळद लागली नाही असं जोडपं शोधून सापडलं नसतं.

"तुमच्या वाडीची पोरं आजारी पडतात," महाराज म्हणाले. "ओकतात, डोळे पिवळे होतात. एक तर गेलं. कोणाची नजर आहे? देवी दाखवेल. एकेक बाई पुढे या. हात उजेडात धरा. साफ हात काळा दिसेल. भुताळीचा हात देवी पेटवेल!"

एकेक बाई उठली. हात निळ्या उजेडात जात होते आणि काळेसावळे परत येत होते. मग ठमीचा नंबर आला.

तिनं हात पुढे केला. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळव्यावरची प्रत्येक रेघ हिरवट पिवळी पेटली. जणू कातडीखाली कोणी काजवे भरले होते.

ठमीनं हात झटकला, लुगड्याला पुसला, परत बघितला. उजेड जाईना.

"भुताळी," कोणीतरी पुटपुटलं. शेजारच्या बाईनं आपलं पोर उचलून दुसऱ्या कडेला घेतलं. त्याच पोराच्या आईबापाला ठमीनंच हळद लावली होती.

वाडीचा कारभारी सखा पुढे झाला. त्याचा नातू अंथरुणाला खिळला होता आणि काळजीनं त्याचे गाल बसले होते. "महाराज, आता काय करायचं? घरात पोरीचं लगीन हाय."

"घाबरू नको. हळदीच्या दिवशी मीच येतो. तिच्याकडूनच हळद वाटून घे, पण लावू देऊ नको. मी येईपर्यंत हळदीला कोणी शिवायचं नाही! वाडीसमोर तिला परत दाखवतो. मग ती, तिचं घर, तुम्ही आणि तुमची देवी. तोवर नातवाला हे तीर्थ पाज." त्यांनी पेटीतलंच पाणी बाटलीत भरून दिलं.

मागं अशीच एका वाडीतली बाई भुताळी ठरली होती. तिचं घर जाळलं होतं, आणि ती कुठे गेली ते कोणाला ठाऊक नव्हतं. ठमीला तेवढं पुरेसं होतं. तिच्या घरात तिच्याशिवाय एकच माणूस होतं, आईबापाविना वाढणारी तिची नात रुचिका.

टेंपोत परत येताना ठमीच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. एवढ्या गर्दीत.

घरी येऊन तिनं हात राखेनं घासले, मातीनं घासले. कातडं सोललं. पण निळा उजेड नसेल तेव्हा हात नेहमीसारखेच दिसत होते, म्हणजे गेलं की नाही हे कळायला मार्ग नाही. याचीच तिला जास्त भीती वाटली. रुचिका जवळ आली की ती हात पदराखाली घ्यायची. जेवणसुद्धा पोरीनं आपल्या हातानं वाढून घेतलं.

पण पोट थांबत नाही. करवंदांचा हंगाम होता. ठमीनं पाटी भरली आणि बदलापूर गाठलं. खरवईच्या नव्या बिल्डिंगीत यशोधराबाई राहायच्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, नवरा राजेंद्र अंबरनाथच्या कारखान्यात होता. दोघं ठमीकडून करवंदं, रानभाजी नेहमी घ्यायचे.

दार उघडंच होतं. आत नवराबायकोचा वाद चालला होता.

"अगं, पेटीवर लावायला पांढरा दिवाच घे. सगळं नीट दिसतं."

"तुला दिसायला घ्यायचाय की त्यांना जगायला? समुद्रात खोलवर निळाच उजेड पोचतो. प्रवाळाच्या अंगात बारीक शैवाल असतं, ते त्या उजेडावर अन्न करतं. निळा जास्त, पांढरा थोडा."

"आणि दुकानदार म्हणाला तो मोठा दिवा?"

"तो विकणारच. आपली पेटी एवढीशी. एकदम जास्त उजेड पडला तर पांढरे पडून मरतील. आधी थोडा वेळ लावायचा, हळूहळू वाढवायचं. हे एलईडी बरे, पाणी तापत नाही. ट्यूबनं पार कढण व्हायचं उन्हाळ्यात. बघायला आणलेला तो निळा लाव, बघू."

राजेंद्रनं बटण दाबलं.

दारात पाटी आपटली. करवंदं जिन्यावरून घरंगळत गेली. ठमी भिंतीला चिकटून उभी होती. हॉलच्या कोपऱ्यात काचेची पेटी होती, आणि पेटीत तेच दगड पेटले होते.

"मावशी! काय झालं?"

"तुमच्याकडंबी आली," ठमी म्हणाली. "बाई, मना जाऊ द्या. मी हितं आले म्हंजे तुमचं वाटोळं होईल."

यशोधरानं तिला धरून बसवलं. पाणी दिलं. ठमीनं ग्लास पदरातून धरला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं: महाराज, देवी, हात, सखाच्या नातवाला दिलेलं पेटीतलं पाणी, सखाच्या घरची हळद.

"हात दाखवा," यशोधरा म्हणाली.

"नको बाई."

"मावशी, मी आहे ना."

ठमीनं डोळे घट्ट मिटून हात दिव्याखाली धरला. नखांच्या कडा हिरव्या पेटल्या. यशोधरानं शेजारी आपला हात धरला. तो काळा.

"बघा!" ठमी रडू लागली. "तुमच्या घरीबी वळखलं तिनं मना."

यशोधरा ठमीच्या नखांकडे बघत होती. मग विचारलं, "तिथे जायच्या आदल्या दिवशी काय केलंत?"

"काय करणार? शेजारच्या वाडीत लगीन होतं. हळद लावली."

"तेलात कालवून?"

"तेलाबिगर हळद लागंल का?"

यशोधरा उठली. स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा घेऊन आली. तळहातावर चिमूटभर हळद, वर दोन थेंब तेल. चोळलं आणि हात दिव्याखाली धरला.

हात ठमीच्या हातापेक्षा दुप्पट पेटला.

ठमी किंचाळली. पण पळाली नाही. तिनं झडप घालून बाईंचा हात धरला आणि आपल्या पदरानं खसाखसा पुसायला लागली. "तुमाला लागलं! माझं तुमाला लागलं!"

"मावशी, थांबा. तुमचं नाही लागलं. हळद लागली." यशोधराचेही डोळे भरले होते. "राजेंद्र, पांढरा लाव."

पांढरा दिवा लागला. हात पिवळा. दगड मातकट. निळा लागला. हात हिरवा. दगड पेटले.

"हळद निळा उजेड पिते आणि हिरवा परत देते," यशोधरा म्हणाली. "हे प्रवाळ आहेत. समुद्रातले जीव. त्यांच्या अंगातही तसाच रंग असतो. देवी नाही, भुताळी नाही. आता बटण तुम्ही दाबा."

"मी?"

"तुम्हीच."

ठमीनं बोट पुढे केलं, मागे घेतलं, परत पुढे केलं. दाबलं. सोडलं. परत दाबलं. बराच वेळ ती तेवढंच करत राहिली. शेवटी म्हणाली, "दाबलं का देवी. सोडलं का धोंडा."

राजेंद्र हसला. ठमी हसली नाही. "बाई, हितं मना पटतंय. वाडीत कोन ऐकंल? तिथं त्यानला माझा हात दिसंल."

"मी येते हळदीला. आणि सखादादांच्या नातवाला ते पाणी पाजू नका म्हणावं. खारं पाणी आहे ते, ओकणाऱ्या पोराला विषासारखं. वाडी पाणी कुठलं पिते?"

"ओढा आटला. डबकं हाय, त्यातलंच."

"मग तुमची भुताळी त्या डबक्यात आहे."

हळदीच्या दिवशी सखाच्या अंगणात मांडव होता, पण मांडवात गाणं नव्हतं. नवरी पाटावर बसलेली, हळदीची वाटी झाकलेली. ती हळद ठमीनंच वाटली होती. वाटताना दोन गडी तिच्यावर नजर ठेवून होते. तीर्थ पाजू नका हे सांगायला ती गेली, तेव्हा सखानं तिला दारातूनच परत पाठवलं होतं. कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता. तो स्वयंपाकाला नव्हता, हे ठमीला कळत होतं. ती सारखी वाटेकडे बघत होती. यशोधराबाई अजून आल्या नव्हत्या.

महाराज आले. मागे बॅटरी आणि दिवा घेतलेला चेला. नवरीला आणि झाकलेल्या वाटीला घेऊन सगळी माणसं सखाच्या अंधाऱ्या घरात शिरली, दार लोटलं. निळा दिवा लागला.

"आण ग हात!"

ठमीनं हात धरला. पेटला. बायांनी तोंडावर पदर घेतला. कोणीतरी म्हणालं, "डबा आण."

तेवढ्यात दार उघडलं आणि यशोधरा आत आली. घामानं थबथबलेली, रिक्षावाल्यानं फाट्यावरच सोडलं होतं.

"महाराज, नवरीला हळद लागू द्या, मग तोच दिवा तिच्यावर धरा."

"ए बाई, हे देवीचं काम आहे! तुम्ही लोक देव मानत नाही!"

"मी मानत नाही, तुम्ही मानता. मग तुम्हाला भीती कसली?"

महाराज बडबडू लागले, माणसं गलका करू लागली, कोणी बाईंना बाहेर ढकलू लागलं. आणि त्या गलक्यात ठमीला एक गोष्ट कळली. बाईंचं इथे कोणी ऐकणार नाही. पण वाडीत आजवर एक गोष्ट कोणी नाकारली नव्हती: मांडवात धवलारीण हळद घेऊन आली की गाल पुढे करायचा. वैरी असला तरी.

तिनं झाकण काढलं. दोन्ही हात वाटीत बुडवले. आणि धवला धरला. आवाज फाटत होता, शब्द तुटत होते. सवयीनं दोन म्हाताऱ्यांनी पुढची ओळ उचलली. ठमीनं नवरीच्या गालाला हळद लावली. मग सखासमोर उभी राहिली. सखाचा हात काठीवर होता. पण गाल, जन्मभराच्या सवयीनं, पुढे आला.

मग ती महाराजांकडे वळली.

"मला हात लावू नको!" महाराज मागे सरकले. भिंतीला आदळले. "हटाव इसको!"

बाया चमकल्या. हळदीच्या दिवशी हळद नाकारली? पोरीला अपशकुन?

"लावून घ्या की महाराज," एक म्हातारी म्हणाली. "शुभकार्य हाय. देवीचा मानूस तुमी, तुमाला काय व्हतंय?"

ठमीनं त्यांच्या दोन्ही गालांवर आणि दाढीवर हळद फासली. चेल्याच्या हातातला दिवा यशोधरानं ओढून घेतला आणि फिरवला.

आधी नवरी पेटली. मग सखा. आणि मग दर्यानाथ महाराजांचं सगळं तोंड, दाढीसकट, हिरवंगार. तांबडे डोळे, हिरवे गाल. एक पोर खिदळलं.

"सांगा आता," यशोधरा म्हणाली, "या घरात भुताळ्या किती?"

सखा गालावरून बोट फिरवून त्याला लागलेल्या हळदीकडे बघत होता. मग तो हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "महाराज, तुमी मना इचारलं व्हतं, शेजारच्या वाडीची हळद कवा हाय. दुसऱ्याच दिवशी आमाला बोलावलं. आन् तिथंच म्हनालात, मी येस्तोवर आजच्या हळदीला कोनी शिवायचं नाय." त्यानं हळदीचं बोट महाराजांपुढे धरलं. "का वं?"

महाराजांनी दार कुठे आहे ते बघितलं. माणसं हात उगारून पुढे सरकली, तेव्हा यशोधराच आडवी आली. "मारायचं नाही. पोलिसात द्यायचं. आधी पोर कुठे आहे?"

पोर आतल्या खोलीत होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ सुकलेले. उशाशी तीर्थाची बाटली. सखानं ती उचलून बाहेर भिरकावली आणि नातवाला खांद्यावर घेतलं. "ठमे," तो म्हणाला आणि तिच्यासमोर मान खाली घातली.

"हळद थांबंल," ठमी म्हणाली. "पोर थांबनार नाय. टेंपो काढ."

महाराजांना आणायला केलेल्या टेंपोतूनच पोर बदलापूरच्या दवाखान्यात गेलं. डॉक्टरांनी दूषित पाण्यानं झालेली कावीळ सांगितली, सलाईन लावलं. पोर वाचलं. महाराजांना वाडीनं पोलिसांच्या हवाली केलं. वाडीतले लोक पाणी उकळायला लागले. सगळे नाही, पण निम्मे तरी. लग्न चार दिवस उशिरा लागलं आणि ते ठमीनंच लावलं.

भीती मात्र एका दिवसात गेली नाही. पुढे कितीतरी दिवस कोणी एकदम हाक मारली की ठमी दोन्ही हात पदराखाली घ्यायची. ज्यांनी रॉकेलचा डबा आणला होता ती माणसं तिच्याच वाडीची होती, वाईट नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाच्या हाती कोणी दिवा दिला की तो वाट बघत नाही, जाळायला घर बघतो.

म्हणून एवढंच सांगणं आहे. कुठे काही चमकलं, पेटलं, दगडाला जीव आला, तर जरूर बघा. बघण्यासारखंच असतं ते. पण हात जोडायच्या आधी आणि हात उगारायच्या आधी विचारा, की हा उजेड येतो कुठून, आणि बटण कोणाच्या हातात आहे?