चार मिनिटांची वाळू

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. काचेचे दोन फुगे, मध्ये सुईएवढी मान आणि पोटात मूठभर करडी वाळू, एवढाच माझा संसार. सध्या मी एका व्यायामशाळेच्या कपाटात, फाटक्या टॉवेलांखाली आडवे पडून आहे. आडव्या घड्याळातली वाळू हलत नाही, आणि तेच बरे आहे.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. काच फुंकणारा कारागीर मोठा चिकाटीचा. चिमूट चिमूट वाळू काढत-घालत त्याने मला बरोबर चार मिनिटांवर आणले. तिथून मला मास्तरांनी उचलले. मास्तर वजने उचलायला शिकवत. त्यांच्या व्यायामशाळेत मोबाइलला बंदी होती, कारण दोन मिनिटे बघतो म्हणणारा अर्धा तास मान वर करत नसे. नियम एकच होता. जड वजनाचा सेट झाला, की मला उलटे करायचे आणि शेवटचा कण पडेपर्यंत बाकावर बसायचे.

नव्या मुलांना ही शिक्षा वाटे.

"मास्तर, अंग गार पडतंय!"

"पडू दे. दम खा. वजन काही पळून जात नाही."

मुले कुरकुरत, पण दोन-तीन महिन्यांत त्यांचेच आकडे वाढत आणि मग माझे कौतुक सुरू होई.

माझा सगळ्यांत जास्त जीव होता चिमणीवर. ती मास्तरांची पुतणी. आली तेव्हा अगदी काडी होती, म्हणून हे नाव पडले. पुढे ती खांद्यावर स्वतःच्या दुप्पट वजन घेऊन बसून उठू लागली, तरी नाव तेच राहिले. विश्रांतीत ती मला मांडीवर घेई, बाहीने पुसे. तेव्हा मला गर्व होई, खोटे कशाला बोलू?

पण वाळू काही मऊ नसते. दिवसातून पन्नास वेळा ती मानेतून घासत गेली आणि भोक रुंद झाले. कणही झिजून बारीक झाले. पंधरा वर्षांत चार मिनिटांची साडेतीन झाली, मग तीन, मग अडीच. मला हे कळत होते, पण सांगायला तोंड नव्हते. मास्तर रोज माझी काच पुसत, पण माझी वेळ त्यांनी एकदाही तपासली नाही. घरच्या माणसावर कोण शंका घेतो?

चिमणीची निवड चाचणी आठवड्यावर आली होती. त्या दुपारी चौथ्या सेटनंतर ती बाकावर बसली. छाती भात्यासारखी हलत होती. माझी वाळू संपली तरी तिला उठवेना.

"काका, आज दमच भरून येत नाहीये. वाळू लवकर सरतेय का हो?"

मास्तर हसले. "वाळू तीच, घड्याळ तेच. चाचणीची धास्ती घेतलीयस तू. ऊठ."

ती उठली. वजन घेऊन खाली बसताना तिचे पाय थरथरले, गुडघा आत वळला आणि काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. दोघा मुलांनी धावत येऊन वजनाची दांडी धरली. चिमणी जमिनीवर कण्हत होती, आणि मी बाकावर रिकाम्या डोक्याने उभे होते.

तिला दवाखान्यात पोचवून मास्तर परतले. त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवले आणि मला उलटे केले. अडीच मिनिटे. पुन्हा केले. पुन्हा अडीच. तिसऱ्यांदा त्यांना काटे दिसेनात, कारण डोळे भरून आले होते.

चिमणीची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जड वजन कायमचे बंद केले. काही महिन्यांनी ती आपले बूट आणि पट्टा न्यायला आली, जरा लंगडत.

मास्तर म्हणाले, "पोरी, चुकलो मी. घड्याळ बिघडलं होतं."

"घड्याळाचं राहू द्या, काका. मी विचारलं होतं तुम्हाला."

मास्तरांनी तिचा पट्टा गुंडाळून तिच्या हातात दिला. ती गेल्यावर त्यांनी मला कपाटात ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण अधूनमधून त्यांना तपासतही जा. नुसते पुसून भागत नाही. आणि कुणी दमलो म्हणाले, तर माझ्याकडे पाहू नका, त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. चिमणीला त्या दिवशी आणखी दीड मिनिट हवे होते. ते माझ्यापाशी उरले नव्हते. मास्तरांपाशी होते.