काठोकाठ भरलेली टाकी

अमृतनं गाडी गॅरेजच्या दारात उभी केली तेव्हा स्टिअरिंगसमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा जळतच होता. आबा फोनवर कितीदा म्हणाले होते, पेट्रोल भरून आलं की गाडी लवकर चालू होत नाही, वासही मारतो. अमृतचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान कोईमतूरला. विट्याला येणं दिवाळीला आणि जत्रेला. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून आबा घरी एकटेच. म्हणून या खेपेला आल्याबरोबर त्यानं आधी हे काम हातात घेतलं.

धैर्यशील मिस्त्रीनं स्कॅनर जोडून बघितला. "इंजिनाला धाड भरलेली न्हाई अमृतशेठ. पेट्रोलच्या वाफेचं दुखणं हाय."

त्यानं आधी टाकीचं झाकण काढून रबर चाचपलं. ते शाबूत होतं. मग इंजिनाजवळचा एक व्हॉल्व्ह काढून त्यात फुंकर मारली. तोही ठीक निघाला. शेवटी गाडी वर चढवून त्यानं टाकीपाशी असलेला काळा डबा सोडवला आणि अमृतच्या हातात दिला. डबा जड लागला. तिरका करताच त्यातून पेट्रोल ठिबकलं.

"यात कोळसा असतो. टाकीतली वाफ हा धरून ठेवतो आन् इंजिनाला देतो. यात वाफच यायला पायजे, पेट्रोल न्हाई." धैर्यशीलनं हात पुसले. "पंपावर नळी आपोआप बंद झाली तरी कुणीतरी वरनं आणखी भरून घेतंय. गळ्यापातूर. एकदा-दोनदा न्हाई, लय दिवस. कोण भरतं?"

"आबा."

"गाडी लांब जाती का?"

गाडी मळ्यापलीकडे जात नव्हती. अमृतला रागच आला. नवा डबा मागवायला सांगून तो पायीच घरी आला.

आबा सोप्यात शेळ्यांसाठी कडबा तोडत बसले होते. पूर्वी ते टेम्पो चालवायचे. गाडीतलं त्यांना कळत नव्हतं असं नाही.

"आबा, तुमाला किती सांगायचं? नळी बंद झाली की थांबायचं. टाकी उतू जाईस्तोवर कशाला भरता? जाणार कुठं हाय तुमी?"

आबांनी कोयता खाली ठेवला.  मग म्हणाले, "काटा जरा खाली आला की माजा जीव ऱ्हात न्हाई. मी जाऊन भरून आणतो."

"पण कशापायी?"

"तुजी आई गेली त्या दिवशी गाडीत पेट्रोल नव्हतं."

अमृत उभा होता तो खाली बसला. त्याला एवढंच माहीत होतं, की दुपारी आईच्या छातीत कळ आली, आबांनी तिला कऱ्हाडला नेलं आणि डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. उशीर कशानं झाला, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"कडेगाव सोडलं आन् गाडीनं आचके दिले," आबा सांगत होते. "गडबडीत मी काट्याकडं बघितलंच न्हाई. वाटंत पंप लागला हुता, त्योबी सोडून आलो. रस्त्यावर उभा ऱ्हाऊन हात केला, कोण थांबंना. तुजी आई म्हनली, पानी द्या. पानीबी नव्हतं. मग एक दुधाचा टेम्पो थांबला. त्येच्यात घातली. पर माझ्या मांडीवरच तिचा हात गार पडला." त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. "चूक माझीच. टेम्पो हाकण्यात हयात गेली आन् काटा बघितला न्हाई."

अमृतला एकदम त्या दिवाळीची आठवण झाली. मित्रांना घेऊन तो सांगलीला गेला होता. परत येताना टाकी पार तळाला गेली होती. सकाळी भरू म्हणून त्यानं गाडी तशीच दारात लावली, आणि सकाळी बॅग उचलून तो बस गाठायला पळाला. आई गेली ती त्यानंतर तिसऱ्या दिवशी.

"आबा," तो म्हणाला. "गाडी रिकामी मी ठेवून गेलो होतो."

"व्हय. ठावं हाय मला."

"मग बोलला का न्हाई तुमी?"

"बोलून काय हुणार हुतं? तिकडं परमुलखात तू एकटा. भट्टीम्होरं बसून ह्येच डोक्यात घोळवत बसला असतास." आबांनी पुन्हा कोयता उचलला, पण कडब्याची पेंढी ओढली नाही. "मी हितं हाय न्हवं ते सोसायला."



नवा डबा आला, तसा धैर्यशीलनं तो बसवला आणि पिवळा दिवा विझला. गाडी आणायला आबाही अमृतबरोबर आले होते. घरी जाताना काटा जरा खाली आला होता. आबांची नजर तिथून हलेना. अमृतनं मुकाट्यानं गाडी पंपावर घेतली. पेट्रोल पडू लागलं, आणि नळी खट्कन बंद झाली. पंपावरच्या माणसानं सवयीनं आबांकडं बघितलं. "आणखी घालू न्हवं, दादा?"

आबांनी अमृतकडं बघितलं. "नको," ते म्हणाले. "बास झालं."

अमृतनं पैसे दिले, चावीला हात लावला, पण ती त्याच्यानं फिरेना. आईच्या मातीलासुद्धा तो रडला नव्हता. सगळ्यांना धीर देत फिरला होता. आता कपाळ स्टिअरिंगला टेकून तो हमसून हमसून रडू लागला. मागच्या छोटा हत्ती टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, परत वाजवला.

आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली. दुसरा हात त्यांनी पोराच्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.