गोडं पाणी

चिंचणीहून बोईसरला येईपर्यंत सुजीतच्या गाडीचा एसी दोनदा गार झाला आणि दोनदा नुसता वारा फेकू लागला. चार वाजता कंपनीच्या फाटकावर गाडी दाखवायची होती. साहेबलोकांना पालघर स्टेशनावरून आणायचं-सोडायचं काम होतं, वर्षभराचं. एसी चालला नाही तर वाहनांचं बघणारा धर्मेश दुसरी गाडी लावणार होता. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी, अण्णांनी, होडी विकून ही जुनी गाडी घेऊन दिली होती. आता मागे फिरायला होडी नव्हती.

अण्णा मागच्या सीटवर बसून होते. होडी दुरुस्तीला काढली की घरचं माणूस तिच्याजवळ पाहिजे, हा त्यांचा नेम. गाडीलाही त्यांनी तोच लावला होता.

एसीचं काम करणाऱ्या कृष्णकांतने बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "गॅस कधी भरला?"

"बारा दिवस झाले. हायवेवर."

"त्याच्या आदी?"

"होळीला."

"मंग तू गॅस भरत नाय रे, हवेत सोडतोस."

त्याने दोन घड्याळांचा गेज लावला. गॅस जवळजवळ संपलाच होता. मग गळती शोधायला त्याने नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला, साबणाचा फेस केला आणि ब्रशने एकेका सांध्यावर लावत गेला. सुजीत वाकून बघत होता. सांध्यांवर नवा बुडबुडा फुगत नव्हता. एखादी रबरी रिंग गेली असेल, तासाभराचं काम, असं त्याने मनाशी धरलं होतं.

कृष्णकांतने ब्रश पुढच्या जाळीवर फिरवला. जाळीमागच्या, गॅस गार करणाऱ्या कंडेन्सरवर आधी एक बुडबुडा आला. मग चार आले. मग खालची अख्खी बाजू भाताच्या पेजेसारखी खदखदू लागली.

"एक भोक असतं तर बुजवलं असतं," तो म्हणाला. त्याने बोटाने पत्र्यावरची पांढरी भुकटी खरवडली आणि जिभेला लावली. थुंकला. "मीठ."

"आमचं वारंच खारं हाय."

"वाऱ्याचं मीठ सगळीकडं बसतं. हे बघ. वरून खाली ओघळ आलेत. कुणीतरी पाणी मारलंय इथं. रोज."

गाडी धुवायचं काम अण्णांचं. पहाटे सुजीत उठायचा तेव्हा गाडी लख्ख असायची. पाणी कुठलं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

मागचं दार उघडलं. अण्णा उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, उलट थोडी ऐटच होती.

"मीच धुतो. दोन बालद्या. भरती असली की खाडीवरनं आणतो, ताजं."

"अण्णा, दर्याचं पाणी?" कृष्णकांतने विचारलं.

"मंग कुठलं? चाळीस वरसं होडी ठेवली मी. गोडं पाणी लागलं की लाकूड कुजतं. पावसाचं पाणी आत साचलं तर रातोरात उपसायचो. खाऱ्यानं फळी घट्ट राहते." ते पुढे आले आणि गाडीच्या नाकावर हात ठेवला. "हिच्या तोंडावर आदी मारतो. तिथनंच वारं घेते ना ही?"

सुजीतकडे न बघता कृष्णकांतने स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि कंडेन्सर ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीला टेकवला. जोर न लावताच टोक गंजात आत गेलं. त्याने जागा बदलली. तिथेही गेलं.

"नवा कंडेन्सर आणू," सुजीत म्हणाला. "वापीहून मागव. मी धर्मेशला सांगून दोन दिवस—"

"बसवू कशावर?"

"नुस्तं चार वाजेपर्यंत गार कर. एवढंच."

"गॅस भरता भरताच निघून जाईल रे."

अण्णा फेसाकडे बघत होते. गळती त्यांना कळत होती. "होडीला लावतो तशी राळ लावून बघ," ते म्हणाले. "कापूस कोंबायचा, वरनं राळ." मग ते सुजीतकडे वळले. "लाकूड नाय ना रे ही."

"नाय, अण्णा."

सुजीतने फोन लावला. धर्मेशने ऐकून घेतलं. "भाई, साहब लोग गरमी में नहीं बैठेगा," तो म्हणाला. दुसरी गाडी फाटकावर येऊन उभीच होती.

काचा खाली करून ते चिंचणीला परतले. वाटेत अण्णा एकदाच बोलले. "लोखंडाला गोडंच लागतं होय?" सुजीतने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पाण्याचा आवाज आला. तो दाराशी गेला. अण्णा गाडीचं नाक धूत होते, ओंजळ-ओंजळ, एक थेंब वाया न घालवता. ओट्यावर प्यायच्या पाण्याचा हंडा रिकामा, आडवा पडला होता. नळाला पाणी आता उद्याच येणार होतं.

अण्णा जाळीतून बोट घालून आतलं मीठ निपटत होते.